बेकारीचा अदमास

नोकरीत असलेल्या माणसाला आपला पगार नेमका किती, हे सहसा ठाऊक नसते. हाती पडणारा आकडा त्याला माहीत असतो, घरी सांगितलेला आकडा तो प्रयत्नपूर्वक ध्यानात ठेवतो, आणि लग्न जुळविताना मध्यस्थाने मुलीकडच्यांना सांगितलेला आकडा तर पुढेपुढे त्याला स्वतःलाच खरा वाटू लागतो. परंतु मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नानाविध वजावटी यांची साद्यंत कैफियत जिच्यावर दरमहा छापून येते, ती पगाराची चिठ्ठी तो केवळ तिची मागची बाजू कोरी असते एवढ्याच गुणावर सांभाळून ठेवतो आणि तिच्यावर वाण्याची यादी करतो. मात्र ही नोकरी जाणार अशी नुसती कुणकुण लागू द्या, त्याच गृहस्थाच्या अंगात एकाएकी भास्कराचार्यांचा संचार होतो. जी रक्कम मिळत असताना त्याने कधी मोजली नाही, ती मिळेनाशी झाल्यास तिच्या किती अंशाची भरपाई कोणत्या खात्यातून कोणत्या दराने होईल, याचा हिशेब तो अपूर्णांकांसकट मांडू लागतो.

आमच्या छापखान्यात हा संचार झाला तो २०२१ च्या पावसाळ्यात. पुण्याच्या नारायण पेठेतील एका वाड्याच्या मागील अंगास हा छापखाना असून तेथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक, असा मजकूर छापला जातो, आणि त्या सर्वांतील चुका सुखरूप वाचकांपर्यंत पोहोचतील याची जबाबदारी मुद्रितशोधक या नात्याने माझ्यावर सोपविलेली आहे. दोन टाळेबंद्यांनी आमचा धंदा पार बसविला होता, कारण पन्नास माणसांच्या लग्नाला पत्रिका कोण छापणार? अशात एके सकाळी एक अनोळखी गृहस्थ आला, त्याने खिशातून टेप काढून दारापासून खिडकीपर्यंतचे अंतर मोजले, ऑफसेट यंत्रावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले आणि मालकांसमवेत दार लावून चहा घेतला. मालकांनी दार लावून चहा घेतल्याचा दाखला आमच्या दफ्तरी नव्हता. दुपारच्या डब्यापर्यंत छापखाना दसऱ्यानंतर बंद होणार हे ठरूनही गेले. मालकांना त्याची वार्ता नव्हती इतकेच.

"कायद्यानं काहीतरी मिळतं म्हणे," बाइंडिंगवरचे मामा डब्यातील चटणी बोटाने गोळा करीत म्हणाले.

या 'काहीतरी'चे परिमाण ठरविण्यात ती दुपार खर्ची पडली. मशीनवरच्या दादाचे म्हणणे असे, की पहिले वर्षभर निम्मा पगार आणि दुसरे वर्षभर पाव पगार मिळतो. हे अगदीच निराधार नव्हते, कारण १ एप्रिल २००५ पासून अमलात आलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत तशा स्वरूपाचा भत्ता आहे खरा. परंतु त्यासाठी कारखाना कायद्याने विहित केलेल्या रीतीने बंद व्हावा लागतो अथवा कामगाराची रीतसर कपात व्हावी लागते, आणि आमचे मालक कोणतीही गोष्ट विहित रीतीने करतील असा संशय आजवर कोणी त्यांच्यावर घेतलेला नाही. १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढलेल्या आमच्या वृद्ध पहारेकऱ्यांना महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यातील तरतूद आठवत होती: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर रोज निदान एक रुपया बेकारी भत्ता.

"एक रुपया?" दादाने विचारले.

"तेव्हाचा रुपया," पहारेकरी म्हणाले, आणि हे शब्द त्यांनी अशा काही इभ्रतीने उच्चारले की आपली बेकारी चार दशके उशिराने आली याचे आम्हां सर्वांना क्षणभर वाईट वाटले.

परंतु सभा जिंकली ती मामांच्या भाच्याने, जो कॅलिफोर्नियात असतो आणि ज्याची नोकरी करोनाच्या पहिल्याच वर्षी गेली होती. तिकडे म्हणे तीन-तीन महिन्यांचे भाग पाडून ज्या भागात कमाई सर्वांत अधिक, त्यावरून भत्ता ठरवितात, आणि त्याची कमाल मर्यादा ४५० डॉलर. मामांनी खिशातील पेन्सिलीने पुठ्ठ्यावरच ७४ चा भाव धरून गुणाकार केला. आले ३३,३०० रुपये.

"महिन्याला?" मी विचारले.

"आठवड्याला," मामा म्हणाले. त्यानंतर बराच वेळ कोणी घास घेतला नाही.

अखेर या परस्परविरोधी साक्षींतून निवाडा काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्याचे कारण एवढेच, की कामगार कायद्यांवरील एका जाडजूड मराठी ग्रंथाची मुद्रिते पूर्वी मी तपासली होती. त्या ग्रंथातील कोणत्या कलमावरचा अनुस्वार राहिला होता, हे मी आजही झोपेत सांगू शकेन. कलमात काय म्हटले होते हे पाहण्याचा प्रसंग मात्र आला नव्हता, कारण मुद्रितशोधकच जर मजकूर वाचू लागला तर चुका कोणी वाचाव्या? तथापि, 'मास्तरांनी अख्खा कायदा वाचलाय' अशी माझी ख्याती झालेली होती, आणि आयती चालून आलेली ख्याती नाकारण्याइतका मी विरक्त नाही.

शोधाअंती आम्हांस लागू पडेल अशी जी योजना निघाली, तिचे नाव अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली ज्यांचा विमा उतरलेला असे, म्हणजे ज्यांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या आत असे, त्यांच्यासाठी ती १ जुलै २०१८ पासून चालू झाली. तिची गणिताची रीत अशी: मागील दोन वर्षांची एकूण कमाई घ्यावी, तिला ७३० ने भागावे, येईल ती रोजची सरासरी, त्या सरासरीचा प्रथम पाव हिस्सा देत असत, तो करोनाच्या वर्षी निम्म्यावर नेला, आणि असे जास्तीत जास्त ९० दिवस. माझा पगार १८,०००. चोवीस महिन्यांचे झाले ४,३२,०००. त्यास ७३० ने भागता ५९१ रुपये ७८ पैसे. निम्मे २९५ रुपये ८९ पैसे. नव्वद पटीने २६,६३० रुपये. हा आकडा मी एका बाद झालेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून खाली दुहेरी रेघ ओढली, तेव्हा पुष्कळांनी तो जवळ येऊन पाहिला.

"थांबा," मामा म्हणाले. "हे ७३० कुठून आले?"

"दोन वर्षांचे दिवस."

"त्यात रविवार धरलेत?"

"धरलेत."

"आणि ग्रॅच्युइटीला महिना सव्वीस दिवसांचा कसा धरतात?"

मामांच्या या प्रश्नाने छापखान्यातील कामकाज दोन दिवस मंदावले. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटचा पगार २६ ने भागतात, मग पंधराने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणतात. म्हणजे त्या कायद्याच्या दृष्टीने रविवार अस्तित्वातच नाही. या योजनेत मात्र तोच रविवार हजर होऊन भाजक फुगवितो आणि सरासरी खाली ओढतो. त्यातच असे निघाले, की भत्त्यास पात्र होण्यासाठी लगतच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आणि सहा महिन्यांचे सव्वीसप्रमाणे १५६ दिवस, त्याचे निम्मे बरोबर ७८! इतक्यात भाच्याकडून कळले, की कॅलिफोर्नियातही एरवी भत्ता मिळतो तो सव्वीसच आठवडे. सव्वीस या आकड्यामागे कोणाचा तरी हात आहे, याविषयी मामांची खात्री पटली, आणि तो हात कोणाचा हे शोधण्याच्या नादात त्यांनी एका विमा एजंटाची दैनंदिनी उलट्या बाजूने बांधली.

तंटा अखेर दादाने मिटविला. "मास्तर, बेकारीचे नव्वद दिवस मोजतात, त्यात रविवार धरतात ना?"

"हो, ते सलगच."

"म्हणजे नोकरीत नाही, पण बेकारीत रविवारचे पैसे मिळतात," दादा म्हणाला, आणि या सामाजिक प्रगतीवर सर्वांचे समाधान झाले.

घरी मात्र हा अदमास इतक्या सहजी मंजूर झाला नाही. सौ.ने दोन वर्षांच्या चिठ्ठ्या काढून सतरंजीवर मांडल्या. एका बाजूस माझे वेतन आणि दुसऱ्या बाजूस 'जाडे पोहे पाव किलो, हिंग, उदबत्ती' असा मजकूर असल्यामुळे प्रत्येक चिठ्ठी उलटताना संसाराचे जमा आणि खर्च एकदमच नजरेस येत होते.

"हे १३५ रुपये कशाचे?" तिने विचारले.

"विम्याची वर्गणी. पगाराच्या पाऊण टक्का."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

१ जुलै २०१९ च्या आधी हीच वर्गणी पावणेदोन टक्के होती, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर तिने चिठ्ठ्यांतील तीन निराळ्या काढून माझ्यापुढे सरकविल्या. दोन्ही टाळेबंद्यांत मिळून तीन महिने अर्धाच पगार आला होता. त्या महिन्यांच्या पाठीमागे तूरडाळ खोडून मसूर लिहिलेली होती, म्हणजे पुराव्यास जागाच उरली नव्हती. २७,००० रुपये वजा झाले, फिरून भागाकार झाला, आणि माझी बेकारी २४,९६६ रुपयांवर आली. जी टाळेबंदी एकदा पगारातून गेली होती, ती आता भत्त्यातूनही १,६६४ रुपये घेऊन गेली.

तरीही चोवीस हजार ही रक्कम एकगठ्ठा मनात येण्याचा आमच्या घरी तो पहिलाच योग होता, आणि मनात आलेली रक्कम खर्चावयास दावा दाखल होण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रथम मिक्सर ठरला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग, कारण नवा मिक्सर त्या भिंतीपुढे शोभणार नाही. 'बाजारात तुरी' ही म्हण मी दोनदा उच्चारून पाहिली. पण रंगाच्या छटेविषयी माझे मत विचारले गेले तेव्हा मी म्हण सोडून छटेच्या वादात उतरलो. याच सुमारास आमचे मेहुणे आले.

"दाजी, ताई सांगत होती, तुम्हाला पंचवीसेक हजार मिळायचेत."

"नोकरी गेली तर."

"ते तर आहेच," मेहुणे घाईने म्हणाले. "त्यातले पाच मला वापरायला द्याल का? तुम्हाला नोकरी लागली की परत करीन."

आपल्या कर्जाची परतफेड ऋणकोच्या नव्हे तर धनकोच्या नशिबावर सोपविणारा हा करार मला इतका अपूर्व वाटला की नाही म्हणण्याचे राहूनच गेले.

अदमासावर अधिकृत मोहोर असावी म्हणून मी विमा कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचे गृहस्थ मोठे सौजन्यशील होते.

"नोकरी कधी सुटली?"

"अजून सुटली नाही."

"मग?"

"सुटली तर किती मिळेल, एवढंच विचारायचं होतं."

"सुटल्यावर या. बेकारीचे तीस दिवस भरले की दावा करता येतो."

"पण सुटेल की नाही, हे कसं कळणार?"

"ते तुमच्या मालकांना विचारा," ते म्हणाले. तथापि माझा चेहरा पाहून त्यांनी संगणकावर माझी नोंद काढली, आधारपत्राशी ताडून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. वडिलांच्या नावात एका ठिकाणी एक अक्षर अधिक होते. "हे मात्र आताच दुरुस्त करून घ्या. नोकरीत आहे तो माणूस आधारवर नाही, आणि आधारवर आहे तो नोकरीत नाही. उद्या त्यातला बेकार कोण, हे ठरवायचं कसं?" तीस वर्षे परक्यांच्या वाडवडिलांची नावे शुद्ध करून देणाऱ्या मला यावर काही बोलता आले नाही. पूर्वी दाव्यासोबत प्रतिज्ञापत्र लागे, ती अट २०२० मध्ये काढून टाकली आहे, असेही त्यांनी सांगितले. हे ऐकून मामा हिरमुसले; नोटरीसमोर उभे राहून आपल्या बेकारीची शपथ घेण्याचा प्रसंग त्यांनी मनात पुष्कळ रंगविला होता.

खरी पंचाईत पुढेच होती. कचेरीतून आणलेल्या माहितीत असे निष्पन्न झाले, की गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्यास हा भत्ता नाही, बेकायदेशीर ठरलेल्या संपात असलेल्यास नाही, स्वेच्छानिवृत्तास नाही आणि वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्यासही नाही. नोकरी जावयास हवी, परंतु जाताना तिने आपल्या चारित्र्याचा दाखला मागे ठेवून जावयास हवे. ही अट समजल्या दिवसापासून आमच्या छापखान्यात जे परिवर्तन घडले, ते घडविण्यास मालकांचे वडील आणि आजोबा असमर्थ ठरले होते. साडेदहाच्या आत ज्याला कोणी कधी पाहिले नव्हते, तो दादा नवाच्या ठोक्याला हजर राहून यंत्राला उदबत्ती ओवाळू लागला. मामा दर वर्षी भाताच्या लावणीसाठी मुळशीला जात आणि लावणी होऊन पीक गुडघ्याला लागेपर्यंत परतत नसत. परंतु एप्रिल-मे निर्बंधांत गेल्यामुळे त्यांचे ७८ दिवस काठावर आले होते, म्हणून यंदा त्यांनी गावी निरोप धाडला, की लावणी तुम्हीच उरका, मला इकडे बेकार व्हायचे आहे. मी स्वतः, आपणांवर हलगर्जीपणाचा ठपका येऊ नये या धास्तीने, आयुष्यात प्रथमच मजकूर अर्थासह वाचू लागलो. आणि एका पतसंस्थेच्या अहवालात 'ठेवी बुडविल्या' असे जे छापून आले होते ते 'ठेवी वाढविल्या' असे दुरुस्त केले, तेव्हा अध्यक्ष स्वतः पेढे घेऊन आले.

आणखी एक कलम असे, की हा लाभ जन्मात एकदाच घेता येतो. त्यामुळे ही एकुलती एक संधी आमच्या छापखान्यावर उधळावी, की पुढे पगार वाढल्यावर येणाऱ्या एखाद्या भारदस्त बेकारीसाठी राखून ठेवावी, यावर दोन तट पडले. राखून ठेवावी म्हणणाऱ्यांना मी बजावले, की पगार २१,००० च्या पलीकडे गेला तर विमाच संपतो, तेव्हा वाढ हवी पण बेताची हवी. मामांची अडचण वेगळी होती. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि निवृत्ताला भत्ता नाही.

"मास्तर," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालकांच्या कानावर घाला ना. दसऱ्याच्या दसऱ्याला बंद करा म्हणावं, उगाच लांबवू नका."

श्रावणातल्या एका शनिवारी मालकांनी आम्हां सर्वांना बोलाविले. ते उभे राहिले, आम्ही उभे राहिलो, आणि दादाने तर तारीख टिपून घेण्यासाठी पेन्सिल कानावरून काढली.

"तुमच्यापासून लपवत नाही," मालक म्हणाले. "छापखाना बंद करायचं मी ठरवलं होतं. जागा बघायला एक जण येऊनही गेला. पण गेला महिना-दीड महिना तुम्ही ज्या निष्ठेनं राबलात, ते बघून मलाच लाज वाटली. वेळेवर काम मिळतं म्हणून दोन दिवाळी अंक चालून आलेत. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी फेडरेशनमधली आणखी गिऱ्हाइकं धाडलीत. छापखाना बंद होणार नाही."

कोणी काही बोलले नाही. आमचा कंठ दाटून आला आहे, असे समजून मालकांनी स्वतःचेही डोळे पुसले.

"मुळीच नाही?" मामांनी विचारले.

"मुळीच नाही, मामा!"

"म्हणजे यंदा नाही, असं?"

मालकांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच उमाळ्यात ऑगस्टपासून प्रत्येकाला हजार रुपयांची पगारवाढ जाहीर केली.

घरी मी ही वार्ता सांगितली, तेव्हा सौ.ने देवाला साखर ठेवली, आणि साखरेचा डबा बंद करता करता विचारले, "मग मिक्सरचं काय?" मेहुण्यांना सावरण्यास अधिक वेळ लागला. आमची नोकरी जाणार या भरवशावर त्यांनी पुढे कोणाला तरी शब्द दिला होता, आणि ऐन वेळी नोकरी टिकवून धरण्यात मी नातेवाईकपणाला जागलो नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

परंतु खरा घाव बसला तो दादाला. त्याचा पगार होता २०,५००. हजाराच्या वाढीने तो २१,५०० झाला, आणि दादा योजनेच्या हद्दीबाहेर गेला. चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तो विम्यात राहणार होता. त्यानंतर त्याने बेकार व्हावे की होऊ नये याची दखल घेणारे कोणी उरणार नव्हते. सोमवारी तो माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आला. मी कायद्याच्या भाषेत, पण विनयाने, लिहिले: 'छापखान्याची सांप्रतची परिस्थिती ध्यानी घेता अर्जदारास मंजूर केलेली सदरहू पगारवाढ कृपावंत होऊन तूर्त तहकूब ठेवावी.' ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून मी तो मालकांच्या मेजावर ठेवला.

मालकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. मग ते बाहेर आले, सर्वांसमक्ष दादाला त्यांनी उराशी धरले, अशी माणसे आहेत म्हणून हा छापखाना तीन पिढ्या उभा आहे असे भरल्या आवाजात म्हणाले, आणि त्याची वाढ हजाराची होती ती तिथल्या तिथे दीड हजाराची केली.